दोघांत एक हेल्मेट

तोंडानं माणूस मोठा होतो म्हणतात. आमच्या खाडीकाठच्या गावात मी तोंडानंच मोठा झालो होतो. दरवर्षी भात कापून झालं, मळा सुकला, की क्रिकेटच्या स्पर्धा लागत आणि लाऊडस्पीकरवर कॉमेंट्री मी करी, मालवणीत. माझं बोलणं ऐकायला म्हाताऱ्या बायकासुद्धा बांधावर येऊन बसत. मला त्याची केवढी मिजास होती!

दोन हजार चार साल असेल. आदल्या वर्षी शेजारच्या गावात एका फलंदाजाचे पुढचे तीन दात सीझन बॉलनं गेले होते. म्हणून आमच्या मंडळानं नियम केला: हेल्मेटशिवाय फलंदाजी नाही. तो मीच लिहिला, सुवाच्य अक्षरात, आणि मंडपाच्या खांबाला चिकटवला. आता हेल्मेट होतं एकच. मुंबईतल्या गाववाल्यांनी पाठवलेलं. दुसरं घ्यायचं तर कोण घेणार? मग आम्ही शहाण्यांनी वाट काढली, की स्ट्राइकवर असेल त्यानं घालायचं. एक धाव निघाली की दोघं पिचच्या मध्यावर यायचे, एकानं काढायचं, दुसऱ्यानं घालायचं, पट्टा सैल करायचा, पुन्हा आवळायचा. उन्हात माणसं कंटाळत.

त्या दिवशी माझा मोठा भाऊ खेळत होता. दादा होडीवर तांडेल होता. म्हणजे होडी त्याच्या हाती, जाळं कुठं टाकायचं ते त्याच्या शब्दावर, आणि घर त्या होडीवर. बाबा गेल्यावर मला शिकवलं ते त्यानंच. खेळायचा मात्र मजेसाठी, चार बॉल मारले की खूश.

दादा आणि त्याचा जोडीदार हेल्मेट बदलायला दुसऱ्यांदा मध्यावर आले आणि माझ्या जिभेला खाज सुटली. माईकवर ओरडलो, "मंडळी, अक्षता टाका! नवऱ्यान व्हकलेक हार घातल्यान!" व्हकल म्हणजे नवरी. मळाभर हशा. मग काय, माकडाच्या हाती कोलीत! पुढच्या वेळी म्हणालो, "तांडेल झालो व्हकल! लाजता बघा कसो!" बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. दादाच्या होडीवरचे खलाशी शिट्ट्या मारत होते. दादानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटलं, त्यालाही गंमत वाटतेय.

पुन्हा दादाची पाळी आली, जोडीदार हेल्मेट घेऊन आला तर दादानं हातानंच नको म्हटलं आणि उघड्या डोक्यानं उभा राहिला. अंपायरनं खेळ थांबवून माझ्याकडे बघितलं, कारण नियम लिहिणारा मी. एक शब्द पुरे होता. मी काय बोललो? "खेळांदे त्याका! वादळाक नाय भियालो तो तांडेल, बॉलाक भियतलो?"

बॉल मॅटिंगवरून उसळला. दादानं तोंड फिरवलं आणि तो मानेवर बसला, कानाच्या जरा खाली. तिथून मागे गेला. आणि मी, गाढव, बॉलकडे बघत ओरडत होतो, "पळ दादा, पळ! एक गावता!" दादा गुडघ्यावर बसलेला होता. लोक धावायला लागले तेव्हा कुठं मी गप्प झालो.

टेम्पोतून तालुक्याला, तिथून गोव्याला. जीव वाचला. उजव्या हाताची पकड गेली. डॉक्टर म्हणाले, मानेतली शीर दुखावलीय, येईल ताकद हळूहळू, नाहीही येणार. मी विचारलं, हेल्मेट असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही, असल्या हेल्मेटनं मान झाकत नाही. मी ते वाक्य उचललं आणि गावभर वाटलं. "हेल्मेट घातला आसता तरी मान उघडीच होती!" गावालाही तेच हवं होतं. नियमाचा कागद खांबावर तसाच राहिला. होडीवर दुसरा तांडेल आला. वहिनी मासळीची पाटी घेऊन बाजारात बसायला लागली.

पुढच्या वर्षी मंडळाची माणसं घरी आली. या खेपेला दोन हेल्मेटं आणली होती, ते कौतुकानं सांगितलं. मग मला म्हणाले, "तुझ्याशिवाय मजा नाय येवची." दादा पडवीत बसून दवाखान्यातून दिलेला मऊ चेंडू उजव्या हातानं दाबत होता. दाबला जात नव्हता. त्याच्यासमोर विचारायला त्यांना लाज वाटली नाही, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

ते गेल्यावर दादानं विचारलं, "जातलंस काय?"

"तू सांग."

"माका त्या दिवशी हेल्मेट घालूचा होता," तो म्हणाला. "तू व्हकल म्हटलंस, म्हणून नाय घातलंय."

वर्षभर तो हे बोलला नव्हता. मी त्याच्या पायावर डोकं ठेवायला हवं होतं. ते सोडून माझ्या तोंडून काय निघालं? "पण दादा, डॉक्टरच म्हणाले ना, हेल्मेट घातला आसता तरी मान उघडीच होती!"

"व्हय," दादा म्हणाला. "म्हणाले खरे. पण माका घालूचा होता."