तपासणीत पास झालेली गाडी

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत, पण उदगीरजवळच्या त्या उतारावरचा अपघात तेवढा वेगळा राहिला आहे.

लातूर नुकताच स्वतंत्र जिल्हा झाला होता. शिक्के नवे आले होते, फायली मात्र अजून जुन्या जिल्ह्याहून येत होत्या. त्यात दुष्काळ. गावोगाव बोअर घेणाऱ्या गाड्या फिरत. अशाच एका बोअरच्या गाडीमागे एक जुनी व्हॅन असे. माणसं तिच्यातच झोपत, तिच्यातच स्वयंपाक करत. एका दुपारी ती उतारावर सुटली, वळणावर खड्ड्यात कलली आणि मागच्या दाराशी बसलेला मजूर तिच्याखाली दबून मेला.

मी तिथे फौजदार होतो. पंचनामा केला, ड्रायव्हरला ताब्यात घेतलं. पन्नाशीचा माणूस, उदगीरचाच. सगळे त्याला चाचा म्हणत. मेलेला मजूर त्याच्या बायकोचा सख्खा भाऊ होता.

"ब्रेक लागला न्हाई, साहेब," चाचा पुन्हा पुन्हा सांगत होता.

आमचे जमादार जबाब लिहिता लिहिता म्हणाले, "प्रत्येक ड्रायव्हरचा ब्रेक नेमका अपघाताच्या टायमालाच कसा जातो हो, चाचा?"

गाडीत तपासणीचा दाखला सापडला. गाडी बाराच दिवसांपूर्वी पास झाली होती, ब्रेक चांगले. अपघातानंतर गाडी बघायला मोटार वाहन निरीक्षक आले ते दाखला देणारेच. त्यांनी पुन्हा लिहून दिलं, ब्रेक ठीक आहेत. म्हणजे चाचाने गाडी निष्काळजीपणे हाकली आणि मेहुण्याचा जीव घेतला, एवढाच अर्थ उरला.

मी हिमायतनगरकडच्या खेड्यातला. आमच्या घरात शाळा पाहिलेला मीच पहिला. नांदेडच्या कॉलेजातून बी.ए. झालो तो सरकारी शिष्यवृत्तीवर. सही-शिक्क्याच्या कागदाने मला माणसात आणलं होतं. त्या कागदावर शंका घेणं मला जमत नसे. दाखला मी खरा धरला.

चाचा जामिनावर सुटला, पण रोज सकाळची हजेरी दिल्यावरही ठाण्याच्या बाकावर बसून राहायचा.

"चाचा, घरी जा की," मी म्हणालो.

"घरी कोण बोलतंय, साहेब? बायकू ताट वाढती अन् तोंड फिरवती. भाऊ मारलास म्हणती."

त्याच आठवड्यात खबर आली. तपासणीच्या मैदानासमोर हॉटेल चालवणारा एक जण हळूच सांगून गेला, "साहेब, तपासणीच्या दिवशी त्या व्हॅनचा सगळा संसार माझ्या हॉटेलापुढं लिंबाखाली उतरून ठिवला हुता. ह्यात कायतरी हाय."

मला वाटलं, सापडलं. तपासणीला दुसरीच व्हॅन दाखवली असणार आणि निरीक्षक त्यात सामील असणार. तपासणीच्या वेळी चेसिसच्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि उमटलेला ठसा फायलीत चिकटवतात. तो ठसा मागवला, व्हॅनच्या नंबराशी ताडून पाहिला. आकडान् आकडा जुळला. गाडी तीच होती.

तरी निरीक्षकांना ठाण्यात बोलावलं. शांत माणूस. म्हणाले, "फौजदारसाहेब, तुमचा संशय मला कळतो. पण मी स्वतः गाडी पळवून ब्रेक मारला, ती थांबली."

"मग सामान का उतरवलं होतं?"

"पाहुणे यायचे म्हटल्यावर आपण घर आवरतोच ना? तपासणीला सगळेच गाडी रिकामी करून आणतात."

मी ते लिहून घेतलं आणि पुढे गेलो. पुढे जायला नको होतं. तपासात माणूस खरं बोलला की आपण फार ऐकत नाही, तो अडखळला तरच कान टवकारतो.

अपघाताला पंधरा दिवस झाले तेव्हा जागेचा नकाशा पुन्हा काढायला गेलो. सगळा माळ करपलेला. आणि व्हॅन कलली होती त्या खड्ड्याच्या कडेने, सतरंजी अंथरावी एवढ्या जागेत, कोवळं हिरवं गवत. एक म्हातारी त्यावर शेळी चारत होती.

"आजी, पाऊस न्हाई, पाणी न्हाई, इथं हिरवं कसं?"

"त्या गाडीचं पानी सांडलं हुतं की. टाकी भरून हुतं." मग तिचं लक्ष माझ्या खाकीकडे गेलं. "मला नगा इचारू बाबा. टाकी देवळामागं हाय, सरपंचाला इचारा."

टाकी निघाली. चांगली मोठी, लोखंडी. गावाने आधी माणसाला बाहेर काढलं होतं, मग घागरी आणल्या होत्या. गाडी कलल्यावर सुटी झालेली टाकीही उरलेल्या पाण्यासकट ओढून नेली होती. आम्ही पोचलो तेव्हा जमीन सगळं पिऊन बसली होती. गावावर मी गुन्हा नोंदवला नाही.

टाकीचे चार बोल्ट व्हॅनच्या तळाच्या चार भोकांवर नेमके बसले. दुष्काळात बोअरवाल्यांना कुठलं गाव पाणी देईना, म्हणून मालकाने ती आत ठोकली होती. तपासणीच्या दिवशी तीही लिंबाखालीच होती.

बाकावर चाचा होताच. मी विचारलं, "टाकीचं का बोलला नाहीत?"

"तुमी गाडीचं इचारलं, सामानाचं कुठं इचारलं? अन् मी पयल्याच दिशी बोललो की. गाडी लई जड झाली हुती, दाबून राहिलो तरी थांबंना."

जबाब काढून पाहिला. जमादारांच्या सुरेख अक्षरात होतं, 'वाहनावरील ताबा सुटला.' खाली माझी सही. 'जड' कुठेच नव्हतं.

निरीक्षकांना पुन्हा बोलावलं. आता ते आपला दाखला वाचवतील, असंच माझ्या मनात होतं. ते म्हणाले, "त्याच उतारावर घेऊ." गाडी दुरुस्त करून नेली, वाहतूक अडवली. रिकामी गाडी त्यांनी स्वतः चालवली. मध्यावर ब्रेक मारला, जागच्या जागी थांबली. तिथे खूण केली. मग भरल्या टाकीच्या वजनाइतकी वाळूची पोती भरली. या वेळी गाडी ब्रेक न जुमानता खुणेच्या कितीतरी पुढे गेली आणि आडव्या लावलेल्या पोत्यांवर जाऊन थांबली. ते उतरले. कपाळावर घाम होता. "माझा दाखला खरा आहे," ते म्हणाले, "पण तो रिकाम्या गाडीचा आहे. रस्त्यावर ही कधी रिकामी नसते." तेच त्यांनी अहवालात स्वतःच्या हाताने लिहिलं. त्यांच्याविषयी धरलेल्या संशयाची मला लाज वाटली.

चाचाचा जबाब नव्याने, त्याच्याच शब्दांत घेतला. तो जोडून चाचावरचा आरोप मागे घेण्याचा अहवाल कोर्टात गेला, कारवाई मालकावर झाली. चाचाला वाचता येत नव्हतं. अहवालाची नक्कल पुढे करून म्हणाला, "साहेब, हे माझ्या घरी वाचून दावा. माझं ती ऐकायची न्हाई."

गेलो. त्याची बायको दाराआड उभी. मी सावकाश वाचत गेलो. नव्या जबाबातलं 'गाडी लई जड झाली हुती' हे वाक्य आलं, तसा आतून हुंदका ऐकू आला. वाचून झालं. ती पाण्याचे दोन पेले घेऊन बाहेर आली. एक माझ्यापुढे ठेवला. दुसरा जमिनीवर न ठेवता तिने चाचाच्या हातात दिला.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत प्रत्येक जबाब मी माणसाच्या स्वतःच्या शब्दांत लिहायला लावला. जमादार कुरकुरले, "साहेब, कोर्टात ही भाषा बरी दिसत न्हाई." मी म्हणायचो, दिसू द्या. कागदावरची माझी श्रद्धा गेली नाही, त्याच्यामुळेच मी या खुर्चीवर बसलो होतो. पण सही करण्याआधी मी समोरच्याला तो वाचून दाखवू लागलो आणि विचारू लागलो, "तुम्ही बोललात त्यातलं काही राहिलं का?"