जळलेल्या डोंगरावरची पारध

आमच्या घराला गावी एक मान आहे. होता म्हणायला हवं, पण जिभेला अजून सवय नाही. शिमग्याला गाव पारधीसाठी डोंगरावर निघतं, तेव्हा पहिली हाळी आमच्या घरातल्या पुरुषानं द्यायची. त्याआधी कुणी पाऊल उचलायचं नाही. बंदूक कुणाकडे नसते. काठ्या, ढोल आणि कुत्री. ओरडत रान उठवायचं आणि घरी यायचं. कधी एखादा ससा किंवा डुक्कर कुत्र्यांना सापडतं. त्याबद्दल नंतर फोनवर कुणी बोलत नाही.

बाबांचे गुडघे गेल्यापासून हा मान लालबागहून मी नेत होतो. मी म्हणजे दोन जिने चढलो की कठड्याला टेकणारा माणूस. पहिल्या वर्षी माझी हाळी ऐकून एका म्हाताऱ्यानं काळजीनं विचारलं होतं, "झिलाक ठसको लागलो काय?" बायको दादरची. तिच्या माहेरी सगळे कारकून नाहीतर वकील, शिकार फक्त डासांची. ती एवढंच म्हणाली, "तू पारधीला? मग परवा पाल निघाली तेव्हा खुर्चीवर कोण चढलं होतं?"

गेल्या वर्षी शिमग्याच्या थोडं आधी डोंगराला वणवा लागला. गावच्या चुलतभावानं व्हिडिओ पाठवला. अख्खा डोंगर काळा, मधे देवाच्या राईचा तेवढा तुकडा हिरवा. पाठोपाठ त्याचा फोन.

"सगळी जनावरा राईतच आसत," तो म्हणाला. "पाणी थयसरच रवला."

म्हणजे पारध निघाली तर राईतच शिरणार, कारण उठवायला दुसरं रानच उरलं नव्हतं. आणि राईतून पळालेलं जनावर जाणार कुठे, तर उघड्या राखेत, कुत्र्यांपुढे.

"मग काय करायचं म्हणतोस?"

"मी काय बोलनंय नाय. लोक म्हणतले, ह्येचो मानावर डोळो."

त्याची अडचण खरी होती. गावचा नियम असा, की मानकरी आला नाही तर त्या वर्षी पारध नाही. पण पुढच्या वर्षापासून मान पुढच्या घराचा. पुढचं घर त्याचंच.

मला, खरं सांगायचं तर, जरा सुटल्यासारखं वाटलं. तिकीट काढलेलं होतं, पण ते रद्द करता येत होतं. मानाचं मात्र तसं नव्हतं. बाबा गिरणीत होते तेव्हाही शिमग्याची रजा त्यांनी कधी सोडली नाही. गिरणी गेली, चाळ पाडून टॉवर झाला, गुडघे गेले. माणूस म्हणून त्यांची ओळख सांगणारं जे उरलं होतं, ते म्हणजे ही हाळी.

म्हणून मी बाबांपुढे बसून मधले मार्ग काढायला लागलो. ऑफिसात माझं तेच काम आहे.

"मी जातो, हाळी देतो आणि तिथूनच सगळ्यांना परत फिरवतो."

बाबांनी मोबाइल नाकाला लावून व्हिडिओ परत सुरू केला. "माणसा फिरतली. कुत्री तुझा आयकतली?"

"मग मी आजारी आहे म्हणून सांगू."

"मान तर जातलोच, वर खोटा बोलल्याचा पाप."

बायको आतून म्हणाली, "बाबा, तुम्हीच ठरवा. हा जेवायला काय करायचं तेही ठरवू शकत नाही."

बाबांनी व्हिडिओ आणखी एकदा पाहिला. मग स्वतःच फोन लावला. "यंदा आमच्या घरातलो कोण येवचो नाय," ते म्हणाले. "पुढच्या वर्षापासून मान तुमचो."

"काकानू, विचार करा."

"केलो," बाबा म्हणाले, आणि टीव्ही लावायला सांगितला. त्या शिमग्याला पारध निघाली नाही. बाबा त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त जेवले, एवढंच माझ्या लक्षात आहे.

पावसानंतर रान पुन्हा उभं राहिलं. यंदाच्या शिमग्याला, पारधीच्या आदल्या संध्याकाळी चुलतभावाचा फोन आला. माझ्यासाठी नव्हता.

"काकानू, हाळी कशी घालूची? मी आपलो ओरडून बघतंय, पण तशी येना नाय."

बाबा काठी घेऊन उठले. घरात नको म्हणाले, आणि बाहेर पॅसेजमध्ये, लिफ्टच्या समोर जाऊन उभे राहिले. मी फोन धरला. त्यांनी छाती भरून घेतली आणि हाळी दिली.

मजल्यावरची दारं एकेक करून उघडली. खालून वॉचमननं इंटरकॉम केला. बायकोनं उचलला आणि सांगितलं, "काही नाही, शिकवणी चाललीय."

"पोटातसून काढ," बाबा फोनवर म्हणाले. "घशातसून नको. आता तू."

पलीकडून आवाज आला. बाबांनी तो डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकला.

"परत," ते म्हणाले.