उत्तरतालिकेतलं दूध

त्या अभ्यासिकेत पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा मी ओढणी नाकाला लावली होती. खाली रंगाचं दुकान, वर एकच लांबट हॉल, त्यात प्लायवूडचे आडोसे लावून पाडलेले कप्पे. खिडक्या कायम बंद, कारण उघडल्या की कागद उडतात. ओलसर मोजे, डोक्याचं तेल आणि कालचा उघडा डबा यांचा मिळून एक वास तिथे मुक्कामाला आला होता. बेसिनच्या जाळीत केसांचा गुंता, आणि त्याच बेसिनच्या वर कुणीतरी सूक्ष्मजीवांमुळे होणाऱ्या रोगांचा तक्ता चिकटवलेला. तोंड धुता धुता पाठ व्हावा म्हणून. कॉलरा कशाने होतो हे तिथल्या कुणीही झोपेत सांगितलं असतं, पण बेसिन घासायचं कुणाला सुचत नव्हतं.

या घाणीत माझी वहिनी सकाळी जाऊन बसायची आणि दुपारी मी तिचा डबा पोचवायचे. माझी वहिनी म्हणजे हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय कणकेला न शिवणारी बाई. ती आधी दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत होती. फ्रिज उघडल्याबरोबर कोणतं भांडं टाकायला झालंय हे ती नुसत्या नाकाने सांगायची. त्या नाकाचा दादाला, म्हणजे माझ्या भावाला, भयंकर धाक होता.

डेअरी तिने सोडली त्याला कारण घडलं होतं. एकदा एका टाकीतलं दूध तपासणीत नापास झालं. मॅनेजर म्हणाला, पास म्हणून सही करा. हिने केली नाही. त्याने आवाज चढवला, मग गोड बोलून पाहिलं, शेवटी दुसऱ्याकडून सही घेतली आणि गाडी गेटबाहेर काढली. त्या दिवशी ती घरी आली आणि चपला काढायच्या आधीच म्हणाली, "नुसतं तपासून काही होत नाही गं. ज्याला गेट बंद करता येतं ना, त्या खुर्चीत बसायला हवं." तिथून ही अधिकारी होण्यासाठीची लोकसेवा आयोगाची परीक्षा सुरू झाली. दादाने लगेच होकार दिला. मलाही तेव्हा तिचा अभिमानच वाटला होता.

विज्ञान आणि तंत्रज्ञान हा विषय म्हटला की तिथली निम्मी पोरं गार पडायची. इतिहास घोकता येतो, पण उपग्रह, लसी, जनुकं, लेझर हे सगळं कुठून डोक्यात कोंबायचं? वहिनीला वाटलं, आपला हा विषय तरी हातचा मळ आहे. तिला शॉर्टकट सर माहीत नव्हते.

शॉर्टकट सर हे अर्थातच मुलांनी ठेवलेलं नाव. अभ्यासिका त्यांचीच, आणि हॉलच्या एका टोकाला बाकं टाकून ते क्लासही घ्यायचे. अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट, बोटांना खडूऐवजी पेढीवाल्यासारखी अंगठ्यांची रांग. ते पहिल्याच तासाला सांगायचे, "विज्ञान शिकायला इथे येऊ नका. उत्तरतालिका शिका." परीक्षेनंतर आयोग जी बरोबर उत्तरं जाहीर करतो ती तालिका म्हणजे त्यांच्या लेखी ब्रह्मवाक्य. जुन्या पेपरांत जे बरोबर ठरलं ते कायमचं बरोबर. मग प्रत्यक्षात काहीही असो. त्यांच्या नोट्समध्ये एक वाक्य होतं: पाश्चरीकरणाने दुधातले सर्व सूक्ष्मजीव नष्ट होतात. खाली लाल शाईत, बरोबर.

वहिनी उभी राहिली. म्हणाली, "सर, सगळे मरत नाहीत. रोग करणारे मरतात, पण बाकीचे बरेच उरतात. मी रोज बघत होते."

"मॅडम, पेपर तुम्ही काढता का?" सरांनी विचारलं. वर्ग खो खो हसला.

घरी येऊन तिने हा किस्सा सांगितला तेव्हा तीही पोट धरून हसली होती. मग पहिला निकाल लागला, त्यात नाव नव्हतं. पुढच्यातही नव्हतं. हळूहळू तिचं हसणं आटलं आणि एक दिवस सरांचं ते पाश्चरीकरणाचं वाक्य कागदावर उतरून आमच्या ओट्यावरच्या भिंतीवर येऊन चिकटलं. दूध तापवायच्या शेगडीच्या बरोब्बर वर. माझं डोकंच फिरलं.

"वहिनी, हे खोटं आहे ना?"

"खोटंच आहे. पण मार्क मिळतात त्याचे."

मला त्या कागदाची शिसारी यायची. भाजी फोडणीला टाकताना मी मुद्दाम तेल उडू द्यायचे त्याच्यावर. ती गुपचूप नवीन कागद लावायची. डब्यातलं शिळं झालेलं वरणही हल्ली तिच्या लक्षात येईना. ते खात खात ती पर्याय कसे कापायचे ते पुटपुटत बसायची. ज्या वाक्यात 'फक्त' असेल ते कापा, लांबलचक पर्याय धरा. ही विद्या! मी समोर बसून नाक मुरडायचे आणि तिला ते दिसायचंही नाही.

शेवटची संधी आली. यानंतर वयात बसत नव्हतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तोंडातून काढत नव्हतं. पेपर देऊन ती आली, हात धुतले आणि धूतच राहिली. दादाने नळ बंद केला. तालिका जाहीर झाली तेव्हा कळलं की दुधाचा प्रश्न आला होता. आणि या वेळी आयोगाने खरं उत्तर बरोबर धरलं होतं. निकालात वहिनी त्या एका प्रश्नाने राहिली.

सर म्हणाले, नशीब एकेकाचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नोट्समधल्या त्या ओळीवर छापील पट्टी चिकटवली आणि 'सुधारित आवृत्ती' म्हणून गठ्ठा बाहेर मांडला. मला त्या माणसाच्या अंगठ्यांवर थुंकावंसं वाटलं.

पण खरा राग तिचाच आला होता. मी तिला बोललेच. "मॅनेजर समोर उभा राहून डोळे वटारत होता तेव्हा खोटी सही केली नाहीस. इथे तर तुला कुणी दरडावलंही नव्हतं."

ती ओटा पुसत होती. "पेन बरोबर उत्तराच्या गोलावरच टेकलं होतं गं," ती म्हणाली. "मग मनात आलं, हे तर मला स्वतःला माहीत आहे. म्हणजे नक्की चुकीचं असणार."

मी फडकं तिच्या हातातून घेतलं आणि उरलेला ओटा पुसला.

डेअरीत तिची जागा कधीच भरली होती. महिन्याभरात शॉर्टकट सरांनीच निरोप धाडला, विज्ञान शिकवायला येता का. ती हो म्हणाली. मला इतकी किळस आली की दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. ज्या गटारात बुडालीस त्याच्याच काठावर दुकान मांडायचं? दादा म्हणाला, एकदा जाऊन तरी बघ. म्हणून पहिल्या तासाला मी मागच्या बाकावर जाऊन बसले, नाकाला ओढणी लावून.

वहिनीने आधी खिडक्या उघडायला लावल्या. कागद उडाले, पोरं कुरकुरली. मग तिने पिशवीतून एक काचेची चपटी बशी काढली, झाकण कडेने चिकटपट्टीने बंद केलेलं. डेअरीतल्या जुन्या मैत्रिणीने दिलेली. आत पिवळट थरावर पांढरे, फुगीर ठिपके उठले होते, कुठे एकटे, कुठे दाटीवाटीने. पहिल्या बाकावरच्या मुलीने "शी" म्हणून हात मागे घेतला.

"मॅडम, हे गटारातलं आहे का?"

"परवाचं पिशवीतलं दूध आहे. पाश्चरीकरण केलेलं, तपासणीत पास झालेलं. तुम्ही चहात घातलंत तेच," वहिनी म्हणाली. "यांनी कुणी आजारी पडत नाही. पण मेलेले नाहीत, एवढं डोळ्यांनी बघून घ्या."

बशी हातोहात मागे येऊ लागली. कुणी तोंड वाकडं केलं, कुणी नुसतीच पुढे ढकलली. मधल्या रांगेतल्या चष्मेवाल्याने बशीकडे पाहिलंही नाही. त्याने पेनचं टोपण काढलं आणि विचारलं, "मॅडम, पण यावर प्रश्न येतो का?"

"येतो," वहिनी म्हणाली. "मला आला होता. हे रोज बघत होते, तरी चुकवला."

चष्मेवाल्याने टोपण परत लावलं आणि बशीसाठी हात पुढे केला.