बैलासाठी रंगपेटी

आमचा तांबडा बैल हिंगोलीच्या बाजारात हरवला तवा मी आठवीत होतो. आबा चहाला थांबले, तेवढ्यात तो दावं तोडून गर्दीत घुसला, तो घुसलाच. घरी त्याचा जोडीदार दोन दिवस कडब्याला तोंड लावीना. वखर बांधावर आडवा पडलेला. एका बैलावर वखर चालत न्हाई, अन् असा जोडीदार पुन्हा जमवायचा म्हणजे वरीस गेलं असतं.

तवा कुणाच्या खिशात फोटोचा फोन न्हवता. आबानं ठरवलं, बैलाचं चित्र काढायचं अन् गावोगाव दाखवत फिरायचं. चित्र मी काढणार. कारण एवढंच, की घरात दुसरं कुणी काढत न्हवतं.

रंग आणायला गेलो ते हिंगोलीतल्या माझ्या शाळेसमोरच्याच दुकानात. तिथला दुकानदार नाकातून बोलायचा अन् सगळं दोनदा बोलायचा. "हात नको लावू, हात नको लावू." मधल्या सुट्टीत मी त्याच्याच पायरीवर उभा राहून त्याची नक्कल करायचो. पोरं हसून हसून लोळायची. म्हणून त्या दिवशी मी आबाच्या मांगं लपून उभा.

"कुणासाठी पाहिजेत, मामा? लेकरासाठी का मोठ्यासाठी, का मोठ्यासाठी?"

"बैलासाठी," आबा म्हणले.

दुकानदारानं वाकून माझ्याकडं पाहिलं. "हा नकल्या तुमचा व्हय? बापलेक मस्करी करायला आले का, मस्करी करायला आले का?"

आबानं खिशातून रुमाल काढला अन् काचेवर उघडला. आत तांबड्या केसांचा पुंजका. गोठ्याच्या खांबाला बैल अंग घासायचा, तिथं चिकटलेले केस आबानं खरवडून आणले होते. बाया ब्लाउजपीस मॅचिंग करायला साडी घेऊन येतात, तसं.

"ह्या रंगाची पेन्सिल द्या."

दुकानदार आधी शिंकला. मग त्यानं लेकराची बारा रंगांची पेटी उघडली. आबानं लाल पेन्सिल घेतली, टोक जिभेला लावलं अन् कागदावर ओढली.

"चाखू नका, मामा, चाखू नका!"

"हा टमाट्याचा," आबा म्हणले. तपकिरी ओढली. "हा चहाचा." नारंगीकडं तर पाहिलं बी न्हाई. "ह्यात बैल न्हाई."

"लेकराचे रंग असेच असतात, मामा. शिसं कडक, आपटलं तरी मोडत न्हाई. पण रंग फिक्का, रंग फिक्का." दुकानदार स्टुलावर चढला अन् वरून पत्र्याचा डबा काढला. चित्रकलेच्या सरांसाठी मागवलेला. "हे मोठ्यांचे. शिसं लोण्यासारखं, रंग गडद. पण हलक्या हातानं, हलक्या हातानं."

आबाचा हात वखरावर दाब द्यायचा. पहिल्याच रेघेला टोक काडकन मोडलं.

"मला लेकराचेच बरे," आबा म्हणले.

पण आता दुकानदारालाच चेव आला होता. त्यानं दुसरं टोक काढलं, खाली मोठ्यांचा लाल हलकाच घासला, वर लेकराचा तपकिरी दाबून फिरवला. पुन्हा लाल. दोन गिऱ्हाइकं वह्या मागत उभी, त्यांच्याकडं लक्षच न्हाई. शेवटी आबानं केसांचा पुंजका त्या रंगावर ठेवला अन् घाबरून म्हणले, "केस कुठं गेले?"

केस तिथंच होते. दिसत न्हवते.

"जमलं," दुकानदार म्हणला. जन्मात पहिल्यांदा एकदाच म्हणला. सरांच्या डब्यातली लाल पेन्सिल त्यानं आमच्या पेटीत टाकून दिली.

मी रात होईस्तोवर चित्र काढलं. शिंगं चांगली आली. तोंड मात्र आमच्या हेडसरांवर गेलं. माय म्हणली, "मग ह्याला चष्मा काहून न्हाई?"

कळमनुरीला एकानं इचारलं, "हे कुत्रं कुणाचं?" नरसीला एक बाई हसत हसत खालीच बसली. आबाचं तोंड उतरत चाललं होतं अन् माझी मान खाली. पाचव्या दिवशी कनेरगाव नाक्यावर एका ढाबेवाल्यानं कागद उलटासुलटा करून पाहिला.

"जनावर कोणतं हाय ते काई कळत न्हाई. पण ह्या रंगाचं एक माझ्या मांगं लिंबाखाली बांधलंय. कुणाच्या तरी कळपामांगं आलं. चार रोज झाले, माझी कोथिंबीर खाऊन राहिलं."

आमी पळतच मांगं गेलो. बैल पाठमोरा. आबा धापा टाकत मधीच थांबले. मग मीच आबाच्या आवाजात वरडलो, "हुर्र्र, आरं माझ्या वाघा!" बैलानं कोथिंबिरीतून तोंड काढलं.

"माझी बी नक्कल करतो व्हय रे?" आबा डोळे पुसत म्हणले. मारलं मात्र न्हाई.

घरी जाताना हिंगोलीत आबानं बैल बराबर दुकानासमोर उभा केला. दुकानदार चष्मा सावरत बाहेर आला, माझ्या हातातलं चित्र घेतलं अन् बैलाच्या पाठीला लावून बराच वेळ पाहत राहिला.

"तपकिरी थोडा कमी पडला," तो म्हणला. "थोडा कमी पडला."