आरशातलं ऊन

वेरूळला आमचं घर लेण्यांच्या पायथ्याशी, ज्वारीच्या रानात होतं. वडील पाहुण्यांना लेणी दाखवायचे. राज्य निजामाचं, त्यामुळं हैदराबादचे अंमलदार आणि त्यांचे साहेबलोक मोटारीनं यायचे. औरंगाबादेत मकबरा बघायचा, पाणचक्कीवर टेकायचं, दौलताबादचा किल्ला खालूनच बघायचा आणि दुपारी आमच्याकडं.

लेण्यात अंधार. वडील दाराशी मोठा आरसा धरून ऊन आत फेकायचे. आत दोन काठ्यांवर पांढरं धोतर ताणलेलं असायचं, त्यावर ऊन पडलं की भिंत उजळायची. ते धोतर आई रोज रिठे लावून धुवायची. जरा मळकट राहिलं तर वडील चिडायचे, उजेड मरतो म्हणायचे.

भिंतीवर शंकर-पार्वतीचं लग्न कोरलंय. पार्वती मान खाली घालून हात पुढं करते, असं वडील उर्दूत मोठ्या झोकात सांगायचे. आईनं ते कधी बघितलंच नव्हतं. तिनं विषय काढला की वडिलांचं ठरलेलं, "आपलंच हाय, कुठं पळून जातंय?" या एका वाक्यानं तिची सोळा वर्षं खाल्ली.

एका संक्रांतीला ती अडूनच बसली. "आज दाखवा, नाय तर उद्यापासून धोतर तुमचं तुम्ही धुवा." वडील हसले, पण निघाले. ती लग्नातलं लुगडं नेसली. मी बरोबर होते, दहाएक वर्षांची. आई भिंतीसमोर उभी राहिली, वडिलांनी आरसा कलता केला. उजेड पार्वतीच्या पायांपर्यंत चढला.

तेवढ्यात खाली मोटार वाजली. कुणी बडा अंमलदार होता. त्याचा शिपाई पुढं पळत आला, "बाई, बाहेर व्हा, हुजूर येतायत." वडिलांनी आरसा खाली केला. मला शिपायाचा राग नाही, राग वडिलांचाच आहे. दोन मिनिटं थांबा हुजूर, एवढं म्हणता आलं असतं. एरवी उर्दूत जीभ लई चालायची त्यांची.

आम्ही बाहेर उन्हात उभ्या राहिलो. चार हातांवर वडील, आमच्याकडं न बघता, पार्वती मान खाली घालते म्हणून सांगत होते. पाहुणे निघाले तोवर ऊन ढळलं होतं. "उद्या बघू," वडील म्हणाले.

आई पुन्हा कधी वर चढली नाही. धोतर मात्र दुसऱ्या दिवशीही तिनंच धुतलं, नेहमीपेक्षा जोरात आपटून.

वडील गेल्यावर ती औरंगाबादेत माझ्याकडं राहिली. शेजारणी कौतुकानं विचारायच्या, तुम्ही वेरूळच्या, मग लेण्यात काय काय आहे हो?

"धोतर हाय," ती म्हणायची. "पांढरं. मीच धुतलेलं."