मारुतीच्या वाट्याचा रोडगा

मी मारुतीच्या तोंडचा घास खाल्ला आहे. एवढं एक वाक्य लिहायला मला अर्धं आयुष्य लागलं, यावरून मी किती कमी बोलतो ते लक्षात यावं. (आमच्या घरात मी आपणहून तोंड उघडलं की आधी सगळे दचकतात आणि मग काही दुखतंय का म्हणून विचारतात.) पण आता पन्नाशी आली. पापं पोटात ठेवायची म्हटलं तरी पोटाला काही मर्यादा असते, आणि हे पाप तर पोटातच गेलेलं.

माझी सासुरवाडी धामणगाव बढ्याची. सासरे भाजीपाल्याचा मळा करायचे, त्यांना मी मामाजी म्हणायचो आणि सासूबाईंना मामीजी. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा मला मुदतीचा ताप आला. महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं, मीही नवा नवा जावई होतो, आणि दोघांचं पुढे कसं होईल याची लोकांना सारखीच काळजी होती. ताप काही उतरेना. डॉक्टर नाडी धरून छताकडे पाहायला लागले तेव्हा मामीजी उठल्या, मळ्यातल्या मारुतीपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि नवस बोलल्या. माझा जवाई उठव, नव्या गव्हाच्या रोडग्याचा नैवेद्य करीन, गावाला जेवू घालीन आणि तोवर पायात वहाण घालणार नाही.

मी उठलो. मारुतीनं आपलं काम वेळेत केलं. पण गहू काही मारुतीच्या हातात नव्हता. तो आपल्या वेळेनं यायचा. तेवढे सगळे दिवस मामीजी अनवाणी. काळं रान, बांधाबांधाला बाभळी. दिवस मावळला की त्या ओट्यावर बसून सुईनं तळपायातले काटे काढायच्या, आणि मी पाहतोय असं दिसलं की म्हणायच्या, "जवाई जगला, काट्याचं काय एवढं?"

बोलणं माझ्या अंगात नव्हतंच. भूक मात्र होती. मुदतीच्या तापातून उठलेल्या माणसाची भूक ज्यानं पाहिली नाही त्याला मी काय सांगू! डोळे मिटले की मला ताटं दिसायची. आणि आमची कमळा, म्हणजे माझी बायको, डॉक्टरांनी सगळं खायची मोकळीक दिल्यावरही मुगाच्या पाण्यापुढे सरकायला तयार नव्हती. डॉक्टरांना काय कळतं, असं तिचं मत होतं.

शेवटी गहू आला आणि नवस फेडायचा शनिवार ठरला. आमच्या भागात रोडगे करायचे म्हणजे जाडसर कणकेचे मोठाले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून भाजायचे, राख झटकायची, फोडायचे आणि तुपात बुडवून वांग्याच्या भाजीशी खायचे. पण पहिला रोडगा देवाचा. त्याला विस्तव वेगळा. त्याच्या पाठीवर अंगठा दाबून खूण करायची, म्हणजे तो दुसऱ्यांत मिसळत नाही. तो उष्टा झाला तर नवस फिटत नाही. मग पुढच्या वर्षीच्या गव्हाची वाट पाहायची. आणि मामीजींच्या बाबतीत, पुढच्या वर्षीपर्यंत अनवाणी चालायचं. हे सगळं मला ठाऊक होतं. कुणी सांगितलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मळ्यात लगबग होती. मामाजी पंगतीसाठी वांगी तोडत होते. माझा साळा दौलत आणि गावातली पोरं पलीकडे मोठा विस्तव पेटवत होती, त्याचा नुसता धूर निघत होता. बायका मामीजींना न्हाऊ घालायला विहिरीवर गेल्या होत्या, कारण नैवेद्य ओलेत्यानं दाखवायचा. सगळ्यांना काम होतं. मला नव्हतं. आजारातून उठलेला जावई म्हणजे काचेचं भांडं. मी सारखं काही करू का विचारत होतो म्हणून दौलतला माझी दया आली.

"तुमी असं करा," तो म्हणाला, "निंबाखाली बसा अन् देवाचा रोडगा राखा. कुत्रं फिरून राह्यलं. एवढं तं जमते नं?"

जमते, म्हणालो.

देवाचा रोडगा भाजून परातीत काढलेला होता, शेजारी तुपाची वाटी आणि गूळ. निंबाच्या पल्याडच्या बाजूला मळलेल्या कणकेपाशी मामाजींच्या थोरल्या बहीण, भागीरथी आत्या, पदर तोंडावर घेऊन झोपल्या होत्या. वारा माझ्याकडेच होता. खरपूस वास, गरम गव्हाचा! मी कुत्र्याला हाकललं. ते लांब जाऊन बसलं आणि परातीकडे पाहू लागलं. मीही परातीकडे पाहू लागलो. आमच्या दोघांत फरक एवढाच होता, की त्याला हाकलायला मी होतो.

मग माझ्या मनात एक धार्मिक विचार आला. हा रोडगा आतून कच्चा राहिला असला तर? देवाला कच्चं खाऊ घालायचं? म्हणून कडेचा जरासा तुकडा मोडून पाहिला. भाजला होता. पण आता ती बाजू बोडकी दिसायला लागली, तेव्हा शोभा राहावी म्हणून दुसऱ्या बाजूचाही तुकडा काढला. तो अंमळ मोठा निघाला. पुन्हा पहिली बाजू सारखी केली. असं सारखं करता करता रोडगा लाडवाएवढा राहिला, आणि लाडवाएवढा रोडगा देवापुढे ठेवणं हा तर देवाचा अपमान. (तूप आणि गूळ कधी संपले, ते मला खरोखरच आठवत नाही.)

शेवटचा घास गिळला आणि डोक्यात उजेड पडला. माणसाला अक्कल पोट भरल्यावरच का येते, कोण जाणे. विहिरीकडून बायकांचे आवाज जवळ येत होते. दुसरा रोडगा आणावा तर भाजलेला एकही नव्हता. कुत्र्यावर घालावं असं मनात आलं, पण ते इतकं विश्वासानं माझ्याकडे पाहत होतं की तेवढी एक नीचता राहून गेली. बाकीची मी केली. समोर नांगरलेलं रान होतं. त्यातलं एक गोल ढेकूळ उचललं, राखेत घोळवलं, पाठीवर थुंकीनं अंगठा दाबला आणि पळसाच्या पानाखाली झाकून परातीत ठेवलं. दिसायला, देवाशपथ सांगतो, रोडग्याहून सुरेख.

माझा बेत असा, की मामीजी झाकलेला नैवेद्य दाखवतील, परात देवापुढे राहील, मी नंतर ढेकूळ उचलून रानात टाकीन आणि मारुतीशी आमचं आम्ही पाहून घेऊ. या बेतात खोट एवढीच होती, की मी तिकडच्या घरचा नव्हतो. तिथं देवाचा रोडगा गाभाऱ्यातच फोडतात, आणि ज्याच्यासाठी नवस बोलला त्याला शेजारी बसवून पहिला घास त्याला देतात. हे मला कमळानं माझा हात धरून गाभाऱ्यात ढकलताना सांगितलं.

तो गाभारा म्हणजे शेंदूर लावलेला मारुती, मामीजी आणि मी, एवढ्यांतच भरून गेला. दारात मामाजी उभे. त्यांच्या हातात पिशवी, आणि पिशवीत मामीजींसाठी मोताळ्याच्या बाजारातून आणलेल्या नव्या कोऱ्या वहाणा. नैवेद्य झाला की पायरीवरच घालायच्या असं ठरलेलं. मागे गाव टाळ वाजवत होतं.

मामीजींनी पान उचललं, डोळे मिटले आणि दोन्ही हातांनी रोडगा दाबला. ढेकळाचा भुगा झाला आणि काळी माती मारुतीच्या पायांवर पडली.

मामीजींनी डोळे उघडले. मातीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग ओल्या पदराचं टोक घेऊन त्यांनी माझ्या मिशा पुसल्या. पदराला तूप लागलं आणि थोडी राख.

मागून भागीरथी आत्यांचा आवाज आला, "काय वो, रोडगा भाजला व्हता चांगला?"

"जवायालेच इचारा," मामीजी म्हणाल्या.

मी म्हणालो, "भाजला होता." त्या दिवशी मी बोललेलं तेवढं एकच खरं वाक्य.

मग कसाबसा कुजबुजलो, "मामीजी, माझ्यानं मोठं पाप झालं. दुसरा भाजू या."

"कायले?"

"देव उपाशी राहिला."

"ताप तुमाले आला होता का त्याले?" त्या हळूच म्हणाल्या. "तो धडधाकट हाय. त्याले एका रोडग्यानं काही होत नाई." आणि मग मारुतीकडे वळून, शेजारणीशी बोलावं तशा बोलल्या, "बाप्पा, याच्यासाठीच तुह्यापाशी पदर पसरला होता. आता याले भूक लागली तं तू रागावशीन काय? मांगं तुनंच तं उठवला त्याले."

मी मारुतीकडे पाहायचं धाडस केलं नाही. पण पायावर माती पडलेला देव एवढा वेळ गप्प बसला होता, याची नोंद मनात घेतली.

मामीजींनी माती गोळा करून कोपऱ्यात सारली आणि बाहेर आल्या. मामाजींनी वहाणा पायरीवर मांडल्या. मामीजी थांबल्या. भेगाळलेले पाय, त्यांपुढे नव्या वहाणा, आणि सगळं गाव पाहतंय. त्यांनी वहाणा घातल्या नाहीत तर पुढच्या वर्षीपर्यंतचा एकेक काटा माझ्या नावावर. घातल्या तर मारुतीच्या समोर, मारुतीला फसवून, माझ्यासाठी घातलेल्या. माझ्या तोंडातून 'मामीजी' एवढं निघालंही. त्यांनी वळून पाहिलं.

"नवस फिटला," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, आणि वहाणा घातल्या. दोन पावलं चालल्या, तिसऱ्याला लंगडल्या. "चावते व," म्हणाल्या. "बाभळी बऱ्या होत्या यापरीस."

गाव हसलं. मी रडलो. लोकांना वाटलं, जावई फार भाविक आहे.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं होतं, पण अजून पंगत व्हायची होती. नवसाचा माणूस सकाळपासून उपाशी, म्हणून मला पहिल्या पाटावर बसवलं. पोटात मारुतीच्या मापाचा रोडगा गच्च बसलेला. दौलतनं एक वाढला. नाही म्हणायची सोय नव्हती. मग मामाजींनी आपल्या हातानं वाढला. मग शेजारणी आल्या, चुलतसासू आल्या. 'आजारातून उठले, खा', 'देवाचा परसाद हाय, नाई म्हनू नये'. असा आग्रह मी कुठल्या लग्नात पाहिला नव्हता. मामीजी लंगडत लंगडत आल्या. मी त्यांच्याकडे गाईच्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी हसून अख्खा रोडगा ताटात फोडला आणि वरून तुपाची धार धरली. क्षमा केली होती, पण वाढणं काही थांबवलं नाही.

त्या दिवसापासून मी सासुरवाडीला रोडगा खाल्लेला नाही. कुणी शिक्षा दिली नव्हती म्हणून मीच घेतली. गहू पोटाला चालत नाही असं सांगायचो. दर वर्षी सगळे निंबाखाली तुपात बोटं बुडवून जेवायचे आणि मी एका कडेला वरणभात कालवत बसायचो. मारुतीला लांबून नमस्कार करायचो, कारण जवळ गेलो तर तो ओळखील ही धास्ती. मामीजींनी तो विषय पुन्हा काढला नाही, मीही नाही.

यंदा मात्र राहवलं नाही. मामीजी आता फार थकल्या आहेत. पंगत बसली होती. मी उभा राहिलो आणि मला काही सांगायचं आहे असं म्हणालो. कमळानं लगेच माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मी घसा खाकरून मारुतीच्या रोडग्याचं नाव काढलं मात्र, दौलत मांडी सावरून बसला.

"सांगा, सांगा. आमी आत्याकडून लय बार ऐकलं, तुमच्याकडून ऐकाचं राह्यलं होतं."

भागीरथी आत्या त्या दिवशी झोपल्या नव्हत्या. पदराआडून त्यांनी पहिल्या तुकड्यापासून ढेकळाच्या अंगठ्यापर्यंत सगळं पाहिलं होतं, आणि मी गाभाऱ्यात होतो तेवढ्यात दारातल्या सगळ्या बायकांना सांगितलं होतं. पंगत बसेतो गावाला ठाऊक झालं होतं. म्हणून तर तो आग्रह! आणि पंगत उठल्यावर मामीजींनी गावाला बजावलं होतं, की जवायाच्या तोंडावर यातलं कुणी बोलायचं नाही, पोराला लाज वाटेल. गावानं ते पाळलं. मी ज्या गल्लीतून मान खाली घालून जायचो, त्या गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा माझं पाप जाणून मला नमस्कार करत होतं.

मी मामीजींच्या पायाशी बसलो. म्हणालो, इतकी वर्षं मनात ठेवलं, आता तरी माफ करा.

"माफ तं तवाच केलं होतं, बापा," त्या म्हणाल्या. "पण तुमी रोडगा काऊन सोडला? आमाले वाटे, तुमाले आमच्या हातचा आवडत नाई."

म्हणजे देवानं त्याच दुपारी सोडून दिलं होतं, मामीजींनी सोडून दिलं होतं, गावानं हसून सोडून दिलं होतं. पापाला घट्ट धरून वरणभात गिळत बसलेला एकटा मीच. देवाची दया अपार आहे, आणि ती नालायकालाच आधी मिळते, हे आता मी कुणालाही छातीठोक सांगू शकतो. फक्त पंगतीत विचारू नका. तिथं माझं तोंड रिकामं नसतं.