चार नंबरच्या भगोन्यावरचं झाकण

मालकीणबाईनं माझा मोबाइल तसाच हातात घेतला नाही. आधी रुमाल मागवला. रुमालात धरला, अन् नखानं एकेक फोटो सरकवला. मी पायरीखाली उभी. आत सोफ्यावर तिची मैतरीण बसली होती.

"चार नंबरच्या खोलीतलं भगोनं झाकलेलं काऊन हाये?"

"बाई, झाकण होतं त्यावर."

"मंग उघडता येत नाही? तुमच्या लोकायचं तुलेच कळंन ना, काय शिजते ते."

मैतरीण हासली. मीबी हासली. ते हासणं मले आजही खाते.

मावला गावात त्यायची सात खोल्यायची बिल्डिंग. भाड्याच्या खोल्या दर महिन्याले तपासायचं काम माझं. नळ गळते का, भिंतीत खिळे ठोकले का, बोर्ड जळला का. फोटो काढायचे, दाखवायचे. चाब्या माझ्याजवळच. त्याच्या बदल्यात मी अन् माझी माय जिन्याखाली राहत होतो, पाण्याच्या मोटरीच्या बाजूला, टिनाआड. दार नव्हतंच. मालकीणबाई येता-जाता पडदा सरकवून पाहे.

चार नंबरात नर्स होती. जैनथ गावाकडची, आमच्याच जातीची, माझ्याच वयाची. मी तिच्यावर जळत होती.

ड्युटीहून आली की आतून कडी लावे अन् झोपे. भर दुपारी. कोणाले न विचारता. खिडकीत हिरवा पडदा. कमरेपर्यंत दिसणारा आरसा. इस्त्रीचे कपडे. खाली मोटर सुरू झाली की माझी माय दचकून उठे, अन् वर ही निवांत झोपलेली. तिले काऊन? मले काऊन नाही? तिचा आरसा पुसायच्या निमित्तानं मी त्यात स्वतःले पाहून घेतलं एकदा. अजूनच जळली.

म्हणून पुढच्या फेरीत, ती ड्युटीवर असताना, मी झाकण उघडलं. धाकानं नाही. मजेनं. सुक्या मासोळ्यायचं कालवण होतं. चांगला जवळून फोटो काढला.

दोन दिवसानं मालकीणबाईनं तिले महिनाभरात खोली खाली करायले सांगितलं. "आमच्या घरात हे चालत नाही." मले आतून गार वाटलं. खोटं काऊन सांगू.

संध्याकाळी ती जिन्याखाली आली. ओरडली नाही.

"फोटो तू काढला?"

"कामच हाये माझं."

"दोन नंबरातही झाकण उघडते का तू?"

दोन नंबरात मालकिणीच्या नात्यातले साहेब राहत. दर रविवारी मटण. हाडकं मीच नेऊन फेकत होती. त्यायचं सैपाकघर पाह्य, असं मले कोणी कधी सांगितलं नाही. मलेबी कधी सुचलं नाही.

"नाही," मी म्हटलं.

"मंग माह्यंच काऊन?"

उत्तर मले येत होतं. ज्या कारणानं मी पायरीखाली उभी राहत होती, त्याच कारणानं. मी तिच्यावर जळत राह्यली, अन् मालकिणीनं माझ्याच हातानं तिचं भगोनं उघडलं. ती वर निघून गेली. त्या रात्री मी जेवली नाही.

पुढच्या फेरीच्या दिवशी मालकीणबाई म्हणाली, "चार नंबरात जा. सामान बांधून राह्यली का पाह्य. भगोनंही पाह्य."

"नळ पाहीन बाई. बोर्ड पाहीन. झाकण नाही उघडणार."

"काय म्हटलं?"

"उघडायचंच तर दोन नंबरातलंही उघडा. तुमी स्वतः."

"जिन्याखालून आजच निघायचं."

निघालो. तलमडुगूले मावशीकडं गेलो. मायनं ऑटोत वाटभर शिव्या दिल्या. मालकिणीले नाही, मले.

नर्सनं ठाण्यात तक्रार केली हाये, जात पाहून खोली सोडायले लावली म्हणून. तिचा फोन आला. म्हणाली, "तुह्यं तोंड पाहावंसं वाटत नाही मले. पण साक्ष देशील का?" तिले दुसरी खोली भेटली, मोठी, गॅलरीवाली. ऐकलं अन् पोटात पुन्हा तेच पेटलं. पेटू दे. त्याच्यावर आता कोणाले भाकर शेकू देणार नाही.

उद्या ठाण्यात जाईन. पह्यले माझंच नाव सांगीन. चाबी लावून आत मी गेली, फोटो मी काढला. मंग सांगीन, कोणी उघडायले लावलं, अन् कोणाचं कधीच उघडायले लावलं नाही. मालकीणबाई समोर बसली असली तरी सांगीन.

माय म्हणते, गप्प राह्य. नाही राहणार.